टायरगाडीखालचा फोर्ड

भालकी तालुक्यातल्या एका गावाबाहेर उसाची टायरगाडी सोडून ठेवली होती. बैल बाभळीखाली रवंथ करत बसलेले, गाडीवान भाकरी खायला घरी गेलेला. सावलीला म्हणून मी गाडीला टेकलो आणि नजर खाली गेली. साट्याखालचा आस गावच्या लोहाराने घडवलेला नव्हता. मधोमध खाली झुकलेला, दोन्ही टोकांना वर आलेला आणि मधूनच कापला तर रेल्वेच्या रुळासारखा दिसेल असा तो एकसंध घडीव तुकडा होता. त्यावर वंगण आणि मातीचा बोटभर थर. चिंधी रॉकेलात बुडवून पुसले, वाळल्यावर खडू आडवा घासला, तेव्हा तिरप्या, वळणदार हस्ताक्षरात चार इंग्रजी अक्षरे वर आली. फोर्ड.

तेवढ्यात गाडीवान आला. "आज्यानं आणलाय," तो म्हणाला. "हुमनाबादच्या भंगारातनं." मग जरा संशयाने, "का हो, काय झालं?"

काय झाले होते ते त्याला दहा मिनिटांत सांगता आले नाही. पुढच्या पानांत ते सांगायचा प्रयत्न आहे.

बीदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात जुना ट्रक सहसा उभा सापडत नाही, तो विखुरलेला सापडतो. चासीच्या दोन लांब पट्ट्या ओढ्यावर फरश्या पेलत असतात. बोनेटचा पत्रा गोठ्यावर गेलेला असतो, त्यावर दगड ठेवलेले. रेडिएटरचे पितळ आणि तांबे तर केव्हाच मोडीत गेलेले, कारण त्याला भाव होता. राहते ते लोखंड, म्हणजे ज्याला भाव कमी आणि उचलायला चार माणसे लागतात ते. त्यामुळे या भागातला अभ्यास आपोआप लोखंडाचा अभ्यास होतो, आणि माझ्या मते ते बरेच झाले. पाटी खोटे बोलू शकते. ओतीव लोखंडाला तेवढी हुशारी नसते.

अमेरिकेचे ट्रक इथवर आले कसे, हे आधी सांगायला हवे. मुंबई–मद्रास लोहमार्ग गुलबर्ग्यावरून (आजचे कलबुर्गी), शहाबादवरून आणि वाडीवरून जातो. बीदरला गाडी आली ती विकाराबादच्या बाजूने. या दोन शेजारी जिल्हागावांना जोडणारा सुमारे ११० किलोमीटरचा थेट लोहमार्ग सुरू व्हायला मात्र २९ ऑक्टोबर २०१७ उजाडावा लागला. तोवर शहाबादी फरशी, तूर, ज्वारी, गूळ असे जे काही एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायचे ते हुमनाबादच्या रस्त्याने, आधी बैलगाडीवर आणि नंतर मालमोटारीवर. गुलबर्ग्याकडे तिला लॉरी म्हणायचे, औराद-भालकीकडे ट्रक. वस्तू एकच.

निजामाच्या राज्यात प्रवाशांची सोय सरकारने अंगावर घेतली होती. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने जून १९३२ मध्ये २७ बस रस्त्यावर आणल्या. त्या होत्या स्कॉटलंडच्या अल्बियन. त्यांतली एक आजही हैदराबादेत जपून ठेवली आहे, आणि कलबुर्गीत मुख्यालय असलेले आजचे कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळ हे त्याच खात्याच्या दूरच्या वारसांपैकी एक. खासगी मालवाहतुकीत मात्र अमेरिकी नावे चालत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग आणून शेवरोले गाड्या जोडायला सुरुवात केली होती, फोर्डही काही वर्षांत मुंबईत येऊन बसला. या गाड्या स्वस्त, जमिनीपासून उंच आणि खाचखळग्यांना न डगमगणाऱ्या. त्या काळचे आपले रस्ते पाहता या तिसऱ्या गुणापुढे पहिले दोन फिके.

मग युद्ध आले. पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा ट्रकच्या पाठीशी कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून लोकांनी गाड्या हाकल्या. जुनी चासी तपासताना मागच्या बाजूला कामाशिवाय पाडलेली चार-सहा भोके दिसली तर त्या भट्टीची आठवण ठेवावी. युद्ध संपल्यावर लष्कराकडची वाहने लिलावात निघाली. बंगालमधल्या पानागडला अमेरिकी तळ होता, तिथला जुन्या गाड्यांचा बाजार त्या लिलावांवरच उभा राहिला. तिथून आणि देशभरच्या अशाच डेपोंतून जीएमसी, डॉज, शेवरोले, फोर्ड गावोगाव पांगले.

एक भ्रम मोडायला हवा. आमच्या भागात कुठलीही जुनी चासी दाखवली की म्हातारी माणसे म्हणतात, "ही पोलीस अ‍ॅक्शनची." १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानावर निघाली, नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, जहिराबाद असा तिचा रस्ता, म्हणजे आमच्या दारावरूनच. त्या तांड्यातल्या मालमोटारी बहुतेक महायुद्धातल्याच होत्या आणि इतकी चाके एका वेळी इथल्या कुणी पाहिली नव्हती. आठवण खरी आहे. पण फौज ट्रक वाटेत टाकून जात नाही. बिघडला तरी ओढून नेते. तुमच्या आजोबांनी तो लिलावातून आलेल्या व्यापाऱ्याकडून घेतला असण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता मूळ प्रश्न : हा ट्रक कोणाचा?

कलबुर्गीत एका मिस्त्रीकाकांकडे मी बरेच दिवस जाऊन बसत असे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या खोपटात पान्यांचे तीन डबे असत. एकात इंग्रजी व्हिटवर्थ, एकात अमेरिकी इंची, एकात एमएम. मी ट्रकची पाटी शोधत वाकलो की ते म्हणत, "सर, नाव नंतर विचारा. आधी पाना लावून बघा." ते जे सांगत ते पुढे पुस्तकांतही वाचले, पण शिकलो त्यांच्याकडेच. इंग्रजी बोल्टच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी बोल्टचा ६० अंशांचा. इंग्रजी पान्यावर अर्धा इंच लिहिलेले असते ते बोल्टच्या दांड्याचे माप, अमेरिकी पान्यावर ते डोक्याच्या दोन सपाट बाजूंमधले. त्यामुळे अर्धा इंच लिहिलेले दोन पाने शेजारी ठेवले तर एक बाप आणि एक मुलगा वाटतो. अल्बियनला पहिला डबा लागे, शेवरोले-फोर्ड-डॉजला दुसरा, आणि १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज यायला लागल्या तेव्हा चाचांच्या वडिलांनी तिसरा डबा विकत घेतला. म्हणजे पाना न सरकता बसला की देश कळला. मात्र बदललेला बोल्ट बघू नये. जिथे कुणाचा हात शक्यतो पोचत नाही असा बघावा : स्टेअरिंगची पेटी चासीला जिथे धरलेली असते तिथला, किंवा इंजिनाच्या पोटाखालचा.

देश कळला तरी कंपनी कळत नाही, आणि इथे दोष आपल्याकडच्या मिस्त्रींचा नाही, खुद्द अमेरिकेचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे ट्रक बनवणारे शेकड्यांनी होते, पण त्यांतले पुष्कळ जण खरे तर जोडणारे होते. इंजिन कॉन्टिनेंटल, बुडा, वॉकेशा नाहीतर हर्क्युलिसकडून, आस टिमकेनकडून, गिअरबॉक्स ब्राउन-लाइपकडून. वर आपल्या नावाचा रेडिएटर बसवला की झाला आपला ट्रक. अमेरिकी सैन्यासाठी १९१७ मध्ये आखलेला लिबर्टी ट्रक तर १५ कारखान्यांनी बनवला आणि रेडिएटरवर कुणाचेच नाव न घालता यूएसए एवढेच घातले. एका चासीच्या मागच्या आसावर ठळक अक्षरांत टिमकेन वाचून मी आठ दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो की टिमकेन नावाचा ट्रक सापडला. चाचांनी ऐकून घेतले. मग डब्यातली एक बेअरिंग काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्यावरही टिमकेनच होते.

जुन्या नावांच्या गोष्टी मात्र चवीच्या आहेत. रिओ हे रॅन्सम इली ओल्ड्सच्या आद्याक्षरांचे नाव. ओल्ड्समोबिलमधून १९०४ साली बाहेर पडून त्याने ही दुसरी कंपनी काढली. व्हाइट ही क्लीव्हलंडची कंपनी आधी शिलाईची यंत्रे बनवायची. ग्रॅहम ब्रदर्सच्या ट्रकमध्ये डॉजचे इंजिन असे, तो डॉजच्याच दुकानांतून विकला जाई आणि शेवटी डॉजनेच ती कंपनी पोटात घातली. मॅकच्या एसी ट्रकचे बोनेट पुढे उतरते आणि तोंड चेपलेले दिसते, कारण रेडिएटर इंजिनाच्या मागे आहे; पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांनी त्याला बुलडॉग म्हटले आणि ते कंपनीचे बोधचिन्हच होऊन बसले. ही माहिती या पुस्तकात आहे, कारण असली पाहिजे. पण आळंद रस्त्यावर मॅकचा बुलडॉग सापडला अशी बातमी घेऊन कुणी आले तर मी आधी त्याला चहा पाजतो. मग दोघे मिळून जाऊन पाहतो.

आपल्याकडे सापडण्याची आशा धरावी ती फोर्ड, शेवरोले, जीएमसी आणि डॉजची. फोर्ड ओळखायला सर्वांत सोपा. एक तर कंपनीला आपले नाव जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर उमटवायचा छंद होता. दुसरे म्हणजे १९३० च्या दशकातल्या फोर्डचा पुढचा पाटा आसाच्या रेषेत आडवा असतो, बाकीच्यांचे दोन पाटे चासीला समांतर, उभे. भालकीच्या त्या आसाला पाट्याची उभी बैठक नव्हती, तेव्हाच शंका आली होती. अक्षरांनी शिक्कामोर्तब केले. १९३२ पासून फोर्डने आठ सिलिंडरचे व्ही-आकारी इंजिन आणले, त्याला दोन डोकी. तेही नजरेतून सुटत नाही.

शेवरोले आणि डॉज या दोघांना सहा सिलिंडर ओळीत, त्यामुळे तिथे थोडे वाकावे लागते. वरून पाहिल्यावर इंजिनावर लांबट पत्र्याचे झाकण असेल आणि प्लग कुशीत शिरलेले असतील तर व्हॉल्व्ह डोक्यावर आहेत, म्हणजे शेवरोले किंवा जीएमसीच्या घरातले. उलट वर झाकण नसून नुसता जाड, चपटा ओतीव तुकडा असेल, त्यावर सहा प्लग ओळीने असतील आणि धुराड्याचा नळ व व्हॉल्व्ह एकाच कुशीला असतील, तर डॉजच्या घरातले समजावे. घरातले असे मुद्दाम म्हणतो. डॉज, फार्गो आणि डिसोटो हे तीन ट्रक म्हणजे एकाच क्रायस्लर कंपनीचा एकच ट्रक, तीन दुकानांसाठी तीन नावांनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला हेच वाण जोडले आणि नंतर बनवले. दक्षिणेत फार्गो हे नाव इतके रुळले की काही गावांत तोंड पुढे आलेल्या कुठल्याही ट्रकला फार्गोच म्हणतात. ओळखताना जाळी आणि पाटी सोडून तिघांत शोधण्यासारखा फरक नाही, आणि जाळी गेली असेल तर वाद घालू नये. "डॉज-फार्गो-डिसोटो" असे लिहावे आणि पुढे जावे.

शेवरोलेच्या ओतीव ठोकळ्यावर एक सोय आहे. एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे. अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. सी-१५-७ दिसले तर १५ मार्च. पण ७ म्हणजे १९३७ की १९४७? खडू ते सांगत नाही. ते झाकणाची ठेवण, पंपाची जागा आणि आजूबाजूच्या तुकड्यांवरच्या तारखा जुळवून ठरवावे लागते. आणि ठरले तरी ती तारीख ठोकळा ओतल्याची. ट्रक नंतरचा. ठोकळा आणि चासी यांची लग्ने तर आपल्याकडे दोनदा-तीनदा लागलेली असतात. ही चूक मी सर्वाधिक वेळा केली आहे, म्हणून त्या प्रकरणाला पाने जास्त दिली.

लष्करी ट्रकची कुंडली वेगळी. अडीच टनी जीएमसीला कंपनीने सीसीकेडब्ल्यू अशी अक्षरे दिली होती आणि त्यांतले एकही अक्षर वाया गेलेले नाही. पहिला सी १९४१ चा आराखडा, दुसरा सी इंजिनामागे बसणारी नेहमीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर, डब्ल्यू म्हणजे मागे जोडीचे आस. असे पाच लाखांहून अधिक ट्रक बनले. गंमत अशी की याच एका ट्रकला दोन जातींचे आस बसवले जात : एक टिमकेनचा, मधोमध उभा दुभंगलेला आणि बोल्टने जोडलेला, दुसरा जनरल मोटर्सचा, बँजो वाद्यासारख्या गोल पोटाचा. म्हणजे आस वेगळा दिसला म्हणून ट्रक वेगळा म्हणू नये. अमेरिकी सैन्याच्या गाडीचे स्टेअरिंग डावीकडे, शिवडीला जोडलेल्या शेवरोलेचे उजवीकडे. नंतर कुणी ते बदलले असेल तर चासीच्या डाव्या पट्टीवर बुजवलेली भोके राहतात, बोटाने चाचपली तरी कळतात. आणि रंग : दरवाजाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे रंगारी आळस करतो, तिथे पातीने हलके खरवडावे. निळा जातो, पिवळा जातो, मग मळकट हिरवा लागतो. त्या हिरव्यावर थांबावे. पुढे खरवडू नये, तो पुरावा आहे.

१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले की इथे गाडी नुसती जोडायची नाही, बनवायची. जनरल मोटर्स आणि फोर्डने १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या ट्रकना सुटे भाग मिळेनात आणि पेट्रोल परवडेना. तेव्हा मद्रासच्या सिम्प्सन कंपनीचे पर्किन्स पी-६ डिझेल इंजिन अनेकांनी अमेरिकी चासीत बसवले. अशा गाडीचे बोनेट उघडून अनेक जाणकार फसले आहेत. इंजिन इंग्रजी वंशाचे, चासी डेट्रॉइटची, हौदा सोलापूरच्या सुताराचा. बसच्या बाबतीत आणखी एक फसवी पाटी असते, हैदराबादच्या ऑल्विनची. ती सांगाडा बांधणाऱ्याची आहे. खालची चासी वेगळीच विचारायची.

शेवटी कागद. इथे सीमाभागाचा म्हणून एक खास घोळ आहे आणि मराठवाड्यातल्या वाचकांनाही तो लागू पडतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, हे तालुके मुंबई राज्यात. एकाच जिल्ह्यातल्या दोन ट्रकांची दप्तरे दोन राज्यांत गेली. त्याआधीचे हैदराबाद संस्थानचे कागद उर्दूत आणि साल फसली. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ दिसले तर १९४७-४८. ज्यांना हे ठाऊक नव्हते अशा एका गृहस्थांनी मला आपला ट्रक सातशे वर्षांचा असल्याचा कागद दाखवला होता. बहमनी सुलतानांचे म्हणाले असते तरी मी ऐकले असते. शोधताना आणखी एक लक्षात ठेवावे : कलबुर्गी हे नाव सरकारी कागदात १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे. जुन्या कागदांत गुलबर्गाच शोधावे.

चासीच्या आतल्या मातीवरूनही काही ओळखता येते असे मला वाटते. बीदरकडच्या पट्टीत तांबडी जांभ्याची, कलबुर्गीकडच्या पट्टीत काळी, आणि शहाबादच्या खाणींवर राबलेल्या गाडीत फरशीची करडी भुकटी. यावर पैज लावू नये. पण खरवडताना ती फेकून न देता कागदाच्या पुडीत ठेवावी.

बाहेर पडताना रॉकेलची बाटली, चिंध्या, खडू, दात घासायचा जुना ब्रश, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, इंचाची टेप एवढे पुरते. मालकाला आधी भेटावे. अनोळखी माणूस गाडीखाली शिरलेला दिसला की लोकांना तो आरटीओचा नाहीतर बँकेचा वाटतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊ नये, लोखंडाला हात लावता येत नाही.

भालकीच्या त्या गाडीवानाला मी फोर्डचे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि बैल जुंपता जुंपता विचारले, "ते खरं. पण ह्या बाजूचं बेरिंग गेलंय, चाक हलतंय. त्याचं काय करायचं?" चाकाचे टोपण काढून पाहिले. बेअरिंगच्या कडेला टिमकेन आणि आकडा होता. तो आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या एका दुकानात त्याच मापाची मिळाली.